पार्श्वभूमी : जागा बदलली तरी वस्तुमान तेच का राहते?

वेंगुर्ल्यात ताणकाट्यावर 20 किलो भरलेले काजूबियांचे पोते घाट चढून आंबोलीला नेले आणि त्याच काट्याला लावले, तर ते तीन-चार ग्रॅम कमी भरेल. सुमारे 700 मीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी असते. तागडीत मात्र फरक दिसणार नाही, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच घटते. पोत्यातले द्रव्य तेवढेच आहे, आणि वस्तुमान त्या द्रव्यावर अवलंबून असते, जागेवर नाही. वलांडीवर सुकणारा बोंबील हलका होतो ती गोष्ट वेगळी; त्यातले पाणी खरोखरच निघून जाते.

जागेनुसार ओढ बदलते याची पहिली ठोस खूण 1672 मध्ये मिळाली. पॅरिसमध्ये लावलेले लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या केयेनमध्ये रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले; तिथे ओढ कमी, म्हणून लंबक सावकाश झुलत होता. 1687 मध्ये गतीचे नियम मांडले गेले, तेव्हा वजन म्हणजे ओढ आणि वस्तुमान म्हणजे द्रव्याचे प्रमाण, ही फारकत पक्की झाली. पुढे बंद भांड्यांतल्या प्रयोगांनी रासायनिक बदलातही एकूण वस्तुमान टिकते हे दाखवले. 1905 नंतर त्याला एक पुस्ती जोडावी लागली : वस्तूची आंतरिक ऊर्जा वाढली की वस्तुमानही वाढते. पण एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवून होणारी वाढ ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजण्याइतकी असते, म्हणून व्यवहारात ती कुणाला जाणवत नाही.

खरा वाद झाला तो मापावर. 1889 पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ कुलपात ठेवलेला, प्लॅटिनम-इरिडियमचा, 39 मिलिमीटर उंचीचा दंडगोल. भारताची 57 क्रमांकाची प्रत नवी दिल्लीत आहे. सुमारे शंभर वर्षांत अनेक प्रती मूळ दंडगोलाच्या तुलनेत 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास सरकल्या. प्रती जड झाल्या की मूळ हलका झाला, हे ठरवायला मार्गच नव्हता. व्याख्येप्रमाणे मूळ दंडगोल चुकूच शकत नव्हता! तो झिजला असता, तर कागदोपत्री उरलेले सारे विश्व जड झाले असते. वस्तुमान स्थिर असते हा निसर्गाचा गुण, आणि आपण ती स्थिरता एका धातूच्या तुकड्याला बहाल केली होती. दंडगोलाच्या बाजूने बोलणारे म्हणत की त्याहून अचूक पद्धत हाती नाही. बराच काळ ते खरेही होते. तरीही एवढ्या उघड दोषावर तोडगा निघायला फार उशीर झाला, असे माझे ठाम मत आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये ठराव झाला आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बांधला गेला.

कोकणात मेट्रिक वजने आली ती 1958 पासून, टप्प्याटप्प्याने. त्याआधी भात पायलीने मोजले जाई, आणि पायली हे आकारमानाचे माप. आता बंदरावर इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. ते मोजतात ओढच, आणि किलोत आकडा दाखवतात. त्यामुळे काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजने ठेवून त्याची पडताळणी करावी लागते.