मूत्राशयाच्या भिंतीतली अंडी: एका ‘दुर्मीळ’ कर्करोगाची पार्श्वभूमी

स्लाईडवर गुलाबी पेशींची बेटं दिसतात आणि त्यांच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोल वेटोळी. पॅथॉलॉजिस्ट त्यांना केरॅटिनचे मोती म्हणतात. केरॅटिन म्हणजे नखांचं आणि त्वचेचं द्रव्य, मूत्राशयात त्याला काहीच काम नाही. स्लाईड जरा सरकवली की गाठीलगतच्या जाड, तंतुमय झालेल्या भिंतीत चुना साचलेली काळपट-निळी अंडी सापडतात. छेद नशिबाने नीट गेला असेल तर एखाद्या अंड्याच्या टोकाला काटाही दिसतो.

हा मूत्राशयाचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेसारख्या चपट्या पेशींचा कर्करोग. आपल्याकडे किंवा युरोपात मूत्राशयाचा कर्करोग म्हटलं की बहुतेक वेळा तो आतल्या अस्तराचा, युरोथेलियल. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत स्क्वेमसची गणना ‘असामान्य प्रकारां’त होते. इजिप्तमध्ये मात्र विसाव्या शतकाचा बराच काळ मूत्राशयाचा नेहमीचा कर्करोग हाच होता. दुर्मीळ कशाला म्हणायचं, हे पुस्तक कुठे लिहिलं गेलं त्यावरही ठरतं.

काट्याच्या अंड्याचा धनी सापडला १८५१ साली. कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना थिओडोर बिलहार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला शिरांमध्ये किडे दिसले. आजाराला पुढे त्याचंच नाव पडलं, बिलहार्झिया. आजार अर्थातच त्याच्याहून फार जुना. १९१० मध्ये मार्क आर्मांड रफर यांनी विसाव्या राजवंशातल्या ममींच्या मूत्रपिंडांत हीच अंडी दाखवून दिली.

या किड्याचं, म्हणजे शिस्टोसोमाचं, अर्धं आयुष्य गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत जातं. तिथून निघालेली पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पूर्वी नाईलचा पूर ओसरला की शेतं कोरडी पडत. एकोणिसाव्या शतकापासून बारमाही कालवे आले, कापूस आला आणि गोगलगायींना वर्षभर पाणी मिळालं. त्या पाण्यात शेतकरी रोज गुडघाभर उभा. मूत्राशयाभोवतीच्या शिरांत मादी अंडी घालत राहते, त्यातली बरीच भिंतीतच अडकतात. वर्षानुवर्षं दाह चालला की नाजूक अस्तर हळूहळू त्वचेसारखं जाड होतं. याला स्क्वेमस मेटाप्लेझिया म्हणतात, आणि काही जणांत कर्करोग तिथूनच उगवतो.

किडा आणि कर्करोगाची ही सांगड अलेक्झांडर फर्ग्युसन यांनी १९११ मध्ये कैरोतल्या ४० रुग्णांच्या अभ्यासातून मांडली. गंमत अशी, की किड्यामुळे कर्करोग होतो या शोधासाठी १९२६ चं नोबेल मिळालं ते डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना. त्यांचा किडा उंदरांच्या जठरातला होता, आणि तो दावा पुढे टिकला नाही. कैरोतला किडा खरा निघाला, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्यावर ‘कर्करोगकारक’ हा शिक्का मारायला १९९४ उजाडलं.

नाव देण्याचा नियमही लक्षात ठेवायला हवा. केरॅटिन दिसलं म्हणून लगेच स्क्वेमस कार्सिनोमा लिहायचं नसतं. कुठेही नेहमीच्या युरोथेलियल गाठीचा तुकडा सापडला तर निदान बदलतं, मग तो ‘स्क्वेमस वळण घेतलेला युरोथेलियल’ ठरतो. म्हणून बायॉप्सीच्या चार कपच्यांवर निकाल देताना हात आखडता घ्यावा लागतो; संपूर्ण गाठ तपासल्यावरच खात्री देता येते.

हा किडा मारणाऱ्या प्राझिक्वांटेलच्या गोळ्या आल्या, इजिप्तमधला बिलहार्झिया ओसरला. कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १९८० ते २००५ च्या नोंदींत चित्र पालटलेलं दिसतं. स्क्वेमस मागे पडला, युरोथेलियल पुढे आला. त्यात सिगारेटचाही वाटा मानला जातो.

भारतात हा कर्करोग दिसला तर डॉक्टर आधी जुना मूतखडा, वर्षानुवर्षं ठेवलेली लघवीची नळी, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग यांची चौकशी करतात. किडा सहसा मनात येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं नाव परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत आहे. गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये तिथे लघवीच्या वाटेच्या शिस्टोसोमाची नोंद केली. तिथे किड्याला आसरा देणारी म्हणून ज्या गोगलगायीकडे बोट दाखवलं गेलं, ती फेरिसिया टेन्युईस, काही मिलिमीटरची, शंखाला वेटोळंही नसलेली.