घाटावरून उतरलेले दोन खेळ: कोकण, बोर्डिंग आणि रग्बी-बॉक्सिंगची पार्श्वभूमी

कोकणात खेळ म्हटला की आधी कबड्डी. भातकापणी झाली, मळे सुकले की गावोगाव मैदानं आखली जातात, आणि शिमग्यापासून मेअखेरपर्यंत कुठे ना कुठे कबड्डीचा नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटचा लाउडस्पीकर चालूच असतो. रग्बी आणि बॉक्सिंग या यादीत नव्हते. ते इथल्या घरांत शिरले बोर्डिंगला गेलेल्या मुलांबरोबर. पोलादपूरहून आंबेनळी चढून पाचगणीला, कुंभार्ली चढून साताऱ्याला, आंबोली चढून बेळगावला गेलेला मुलगा दिवाळीच्या सुट्टीत परत यायचा तेव्हा ट्रंकेत हाउसच्या, म्हणजे शाळेतल्या आपल्या गटाच्या, रंगाची बनियन असायची, आणि भुवईवर कधीतरी टाक्याची खूण. आईला खूण दिसायची, वडिलांना बनियन.

हे दोन खेळ मुलांच्या निवासी शाळांनाच का चिकटले, याचं उत्तर शोधायला इंग्लंडात जावं लागतं.

वॉरविकशरमधल्या रग्बी गावच्या शाळेत १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने फुटबॉल हातात उचलून धाव घेतली आणि खेळ जन्मला, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती पहिल्यांदा छापून आली १८७६ मध्ये, म्हणजे एलिस वारल्यानंतर, आणि सांगणाराही त्या प्रसंगाचा साक्षीदार नव्हता. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९५ मध्ये चौकशी केली, ठाम पुरावा हाती लागला नाही, तरी १९०० मध्ये भिंतीत शिळा बसवली. देवस्थानाची आख्यायिका जशी तयार होते तसंच हे, त्यामुळे आपण हसण्यात अर्थ नाही.

मला त्यापेक्षा १८३९ चा एक सामना जास्त बोलका वाटतो. राणी ॲडलेड शाळेला भेट द्यायला आली होती. त्या दिवशी खेळले ते ‘स्कूल हाउस’ची ७५ मुलं विरुद्ध उरलेल्या शाळेची २२५ मुलं. आजचा पंधरा-पंधराचा खेळ डोळ्यांसमोर आणून हा आकडा वाचला तर हसू येईल, पण त्यात सगळं आलं. एका इमारतीत झोपणारी, एका पंगतीत जेवणारी मुलं एका बाजूला. बाकीचे दुसऱ्या बाजूला. खेळ कसा खेळायचा ते नंतर ठरलं. मुलांनी स्वतः बसून नियम लिहिले १८४५ मध्ये. समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा तेव्हा खेळाचाच भाग होता. १८६३ मध्ये फुटबॉलवाल्यांनी लाथ बंद करायचं ठरवलं तेव्हा ब्लॅकहीथ क्लब रागावून बाहेर पडला. १८७० मध्ये एका शल्यविशारदाने निनावी पत्र लिहून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये शाळेतल्या दुखापती मांडल्या, तेव्हा बोभाटा झाला. २६ जानेवारी १८७१ ला लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये २१ क्लब जमले, रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली, आणि लाथ गेली.

बॉक्सिंगची गोष्ट अधिक काळी आहे. १८२५ च्या फेब्रुवारीत ईटनमध्ये फ्रान्सिस ॲशले-कूपर हा शाफ्ट्सबरीच्या अर्लचा धाकटा मुलगा आपल्याहून मोठ्या मुलाशी मुठींनी लढला. वय तेरा-चौदाचं. दोनेक तास, साठेक फेऱ्या. मधे शुद्धीवर ठेवायला ब्रँडी पाजली गेली. तो त्याच रात्री मेला. भांडण मिटवायची मुलांची ती रूढ पद्धत होती आणि मास्तर तिकडे काणाडोळा करत. पुढे १८६७ मध्ये क्वीन्सबरीचे नियम आले: हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडला तर उठायला दहा सेकंद. नियम लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्सने, नाव लागलं क्वीन्सबरीच्या मार्क्विसचं. तेव्हापासून अंगणातली मारामारी जिममध्ये आली, वजनगट आले, पंच आले, आणि हाउसच्या खात्यावर गुण जमा होऊ लागले.

माझ्या मते या शाळांनी जगाला निर्यात केलं ते हे ‘हाउस’. चारशे मुलं एका आवारात वर्षातले नऊ महिने डांबून ठेवायची, घरचं माणूस दिसत नाही, संध्याकाळी करण्यासारखं काही नाही. अशा वेळी त्यांची चार टोळ्यांत विभागणी करून प्रत्येकीला रंग, कप्तान आणि फिरती ढाल दिली की निम्मी शिस्त आपोआप लागते. रग्बी त्यासाठी सोयीचं, कारण एका वेळी खूप मुलं दमतात. बॉक्सिंग सोयीचं, कारण सर्वांत बुटक्या मुलालाही त्याच्या वजनाचा प्रतिस्पर्धी मिळतो, आणि त्याने जिंकलेला गुण कप्तानाच्या गुणाइतकाच मोजला जातो.

हिंदुस्थानात रग्बी आलं पलटणींबरोबर. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स असा वीस-वीस जणांचा सामना झाला. पुढच्या महिन्यात क्लब निघाला. काही वर्षांतच तो बसला. पलटण बदलून गेली, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि क्लबातली फुकट दारू बंद झाली हेही एक कारण सांगतात. बँकेत उरलेले २७० चांदीचे रुपये वितळवून कप केला, मुठीला तीन नाग, झाकणावर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. मुंबईत १८७५ चं बॉम्बे जिमखाना हे रग्बीचं घर झालं, आणि १९२४ पासूनच्या अखिल भारतीय स्पर्धेत मुंबई, कलकत्ता, मद्रास ही ठाणी ठरली.

एक गोष्ट मुंबईकरांनी लवकर ओळखली. इंग्लंडात हा खेळ हिवाळ्यातल्या चिखलात होतो, आपल्याकडे चिखल जूनमध्ये होतो, म्हणून मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळा. क्रिकेटची खेळपट्टी झाकलेली असते तेव्हा मैदान रग्बीला मोकळं. हाच हिशेब कोकणात का जमला नाही? इथे तर पाऊस मुंबईहून जास्त. अडचण पायाखाली आहे. मळ्यांत त्या दिवसांत भात उभं असतं, आणि शाळेचं मैदान बहुतेक ठिकाणी जांभ्याच्या सड्यावर. त्यावर फार तर बोटभर माती, ती पहिल्या दोन पावसांत वाहून गेली की खाली लाल खडक, भोकाभोकाचा, कडा धारदार. त्यावर कबड्डीपटूसुद्धा पकडीत पडायला बिचकतो. कमरेत मिठी मारून धावत्या गड्याला आडवा करायचं तर गुडघ्याची कातडी त्या दिवशीच जाईल. म्हणून इथे कबड्डीला बाहेरून माती आणून टाकतात, चाळतात, पाणी मारून चोपतात. तेरा मीटर लांबीच्या मैदानाला ते परवडतं, शंभर मीटरच्या नाही. शिवाय झोंबाझोंबी, पकड, दम, एकमेकांना साखळी धरणं हे सगळं कबड्डीत होतंच. रग्बीने वेगळं असं द्यायचं काय? लांबट चेंडू.

बॉक्सिंगला मात्र मैदान लागत नाही. म्हणून ते टिकलं, आणि कोकणाशी त्याचा धागा जास्त जुना आहे.

एक धागा पलटणीचा. मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या भरती झाली, मराठ्यांची तशी महारांची. दापोलीला आजही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, कारण तिथे छावणी होती आणि पेन्शनर शिपाई वस्ती करून होते. सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन तिथेच आले. छोट्या भीमरावाचं बालपण काही काळ तिथे गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बॉक्सिंग आणि संगिनीचं शिक्षण एकत्र बांधलं: पाय कसे टाकायचे, अंतर कसं राखायचं, पहिला वार कधी करायचा. सैन्यातून सुटलेले हवालदार पुढे शाळाशाळांत ड्रिल मास्तर झाले आणि आपल्याबरोबर शिट्टी, कवायत आणि डावा हात पुढे ठेवून उभं राहणं घेऊन आले.

दुसरा धागा समुद्राचा. १९२७ पासून माझगावसमोर ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज नांगरलेलं असे. व्यापारी नौदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांचं ते तरंगतं बोर्डिंगच. बोटीवरचा खलाशी रत्नागिरी-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतला हे ठरलेलं, पण त्याच्या मुलाने ब्रिजवर, म्हणजे अधिकारी जहाज हाकतात तिथे, उभं राहायचं तर वाट डफरिनवरून जायची. जागा डेकएवढी, मुलं पोरवयाची, फुटबॉल मारला तर खाडीत. बॉक्सिंगसारखा खेळ तिथे रुजला यात नवल नाही. १९७२ मध्ये डफरिनच्या जागी ‘राजेंद्र’ आलं, १९९३ मध्ये ‘चाणक्य’ म्हणून सगळं नवी मुंबईत जमिनीवर आलं.

शहरात तोवर खेळाला संघटनाही मिळाली होती. मुंबई इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना १९२५ ची, भारताची १९४९ ची. नागपाड्यातली पोरं ठोसे शिकली ती कुठल्याही हाउसविना, हे इथे नोंदवून ठेवतो.

घाटावर पाचगणीत गोऱ्यांच्या मुलांसाठी थंड हवेच्या शाळा निघाल्या होत्या. त्यांतल्या सेंट पीटर्समध्ये १९५५ च्या सुमारास झांझिबारहून आलेला फारुख बुलसारा बॉक्सिंग करायचा. घरच्यांना ते पसंत नव्हतं आणि त्याने सोडलं. जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत आहे. पियानो वाजवणारी बोटं वाचली म्हणायची.

त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखात एक दुसरं बोर्डिंगही उभं राहत होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं काढली, भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये शाहू बोर्डिंग काढलं. तिथल्या मुलांना दमवायला वेगळा खेळ लागत नव्हता. ती दळायची, शेतात राबायची, विहिरी खणायची. तालीम, हुतूतू, लेझीम होतं. ग्लोव्ह्जची जोडी विकत घेणं तिथे चैन ठरली असती. कोकणातल्या बहुसंख्य घरांना ‘बोर्डिंग’ म्हणजे हे परवडणारं बोर्डिंग, आणि ढाल-चषकवालं बोर्डिंग म्हणजे वाड्यातल्या मुलांची गोष्ट, ही फाळणी बराच काळ टिकली.

ती मोडली सैनिकी शाळांनी. नाशिकची भोसला १९३७ ची, बेळगावची मिलिटरी स्कूल १९४५ ची. २३ जून १९६१ ला साताऱ्यात देशातली पहिली सैनिक स्कूल सुरू झाली. शिष्यवृत्तीमुळे शेतकऱ्याचा, मास्तरचा मुलगाही तिथे पोचला. नव्वदच्या दशकात राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात सैनिकी शाळांचं धोरण आणलं आणि हे लोण कोकणाच्या अंगणापर्यंत आलं. या शाळांचं ध्येय खडकवासल्याची एनडीए, म्हणजे सैन्याधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथे नव्या कॅडेटला रिंगमध्ये उतरावंच लागतं, ‘नोव्हिसेस’च्या, म्हणजे नवशिक्यांच्या, लढती स्क्वॉड्रनच्या (तिथल्या हाउसच्या) मानाचा प्रश्न असतात. वरच्या पायरीवर बॉक्सिंग आहे म्हणून खालच्या पायरीवर ते शिकवलं जातं. इतकं साधं कारण.

या स्पर्धेचा खरा दिवस लढतीच्या आदल्या दिवशी असतो. दवाखान्यातल्या काट्यासमोर चड्डीवर रांग. एखादा पाव किलोने वर निघतो. मग दोन स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या, रात्री मेसमध्ये फक्त वरण. कोकणात यात आणखी एक पीडा असते, ती म्हणजे बुरशी. जूनमध्ये कपाटात ठेवलेले ग्लोव्ह्ज गणपतीपर्यंत पांढऱ्या लवेने भरतात, आतली लोकर कुबट होते. शहाणा पीटी मास्तर ते मेसच्या चुलीवरच्या दोरीला लटकवतो. मग रिंगमध्ये पहिला जॅब नाकाशी आला की कांद्याच्या फोडणीचा वास येतो.

मुलांच्या डोक्यावर ठोसे बसावेत का, हा वाद जुनाच आहे. ब्रिटनमध्ये डॉ. एडिथ समरस्किल यांनी पन्नाशीच्या दशकात यावर रान उठवलं, १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि साठच्या दशकात तिथल्या शाळांनी एकामागून एक बॉक्सिंग बंद केलं. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८३ मध्ये बंदीची मागणी केली. अमेरिका-कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये मुलांना याची शिफारस करू नका असं सांगितलं. ज्यांनी खेळ दिला त्यांनी तो आवरला, आपण चालू ठेवला. डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं, निदान सक्तीबद्दल तरी. ज्याला आवडतं त्याने शिकावं. हाउसला गुण हवेत म्हणून बारा वर्षांच्या मुलाला दोरांत ढकलणं हा ईटनचाच वारसा, फक्त हातमोजे घातलेला. रग्बीने त्यामानाने मुलांसाठी नियम बदलले: एकोणीस वर्षांखालच्या स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात त्या झुंजीत, दीड मीटरपलीकडे रेटता येत नाही, मानेचा घात टळावा म्हणून.

आता रग्बी परत येतंय, पण वेगळ्या दाराने. सात-सात जणांचा, सात-सात मिनिटांचा प्रकार स्कॉटलंडच्या मेलरोजमध्ये १८८३ मध्ये निघाला होता. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तो आला आणि सरकारी यंत्रणेच्या नजरेत भरला. ओडिशातल्या कलिंग इन्स्टिट्यूटच्या आदिवासी मुलांनी २००७ मध्येच लंडनमध्ये चौदा वर्षांखालची शालेय स्पर्धा जिंकली होती, तीही निवासी शाळा, पण साहेबी थाटाची नव्हे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, त्यामुळे गर्दी कमी असलेल्या खेळाकडे शाळा हिशेबाने बघतात. सात मुलं कुठल्याही शाळेत सापडतात. जांभ्याची अडचणही सुटते, कारण वाळूवरचं रग्बी पाच जणांत खेळलं जातं, आणि ओहोटीच्या वेळची मुरूड, हर्णै किंवा गुहागरची ओली पुळण यापेक्षा मऊ जमीन नाही.

‘मुलांची’ निवासी शाळा ही चौकटही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२१-२२ पासून सैनिक स्कूल, डेहराडूनचं मिलिटरी कॉलेज आणि एनडीए मुलींना खुले झाले. वजनाच्या रांगा दोन लागतात, आणि ढालीच्या बेरजेत दोन्हींचे गुण धरायचे की नाही, यावर हाउसमास्तरांच्या बैठका चालतात.