पट्टित लोहशैल

सिलिका व लोहखनिजे यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या पातळ थरांचा, रासायनिक उत्पत्तीचा गाळखडक. यात सामान्यतः १५ टक्क्यांहून अधिक लोह असते. हेमॅटाइट व मॅग्नेटाइट यांचे काळपट किंवा तांबूस पट्टे आणि चर्टचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या क्वार्ट्‌झचे, फिकट किंवा लालसर पट्टे यांवरून तो सहज ओळखता येतो.

वालुकाश्म वाहत आलेल्या कणांचा बनतो. हा खडक मात्र मुख्यतः समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा साका आहे. त्याचे बहुतेक मोठे साठे सुमारे २८० ते १८० कोटी वर्षांपूर्वीचे असून ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली येथील साठे विख्यात आहेत. त्या काळच्या खोल समुद्रात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नसल्याने सागरतळावरील उष्णजल झऱ्यांतून आलेले फेरस, म्हणजे कमी ऑक्सिडीभूत, लोह पाण्यात विरघळलेलेच राहत असे. वरच्या, उजेड पोहोचणाऱ्या पाण्यात सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी, सोडलेल्या ऑक्सिजनमुळे त्याचे अविद्राव्य फेरिक (अधिक ऑक्सिडीभूत) संयुगांत रूपांतर होऊन ती तळाशी बसली, ही प्रचलित उपपत्ती आहे. परंतु ग्रीनलंडमधील इसुआ येथील असे खडक सुमारे ३७० कोटी वर्षांचे, म्हणजे वातावरणात ऑक्सिजन साठण्याच्या बऱ्याच आधीचे आहेत. त्यामुळे ऑक्सिजनविना प्रकाशाच्या साहाय्याने लोहाचे ऑक्सिडीभवन करणाऱ्या जीवाणूंचाही विचार करावा लागतो.

लोहाच्या चर्चेत सिलिका मागे पडते, हे योग्य नाही. आज डायाटम (सूक्ष्म शैवले), रेडिओलॅरिया (सूक्ष्म एकपेशीय जीव) व स्पंज सांगाड्यांसाठी सिलिका शोषून घेतात, म्हणून सागरजलात ती फार थोडी उरते. हे जीव नसताना तिचे प्रमाण पुष्कळ वाढलेले होते आणि ती जेलरूपात, बरेचदा लोहाच्या हायड्रॉक्साइडांना चिकटून, तळाशी जात असे. पुढील काळातील चर्ट बव्हंशी अशा सांगाड्यांच्या ओपलपासून, म्हणजे पाण्याचा अंश असलेल्या अस्फटिकी सिलिकेपासून, गाळाखाली दबून क्वार्ट्‌झ होत बनला. पट्टे नेमके कशाने पडले, यावर मात्र अद्याप एकमत नाही.

सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमयुगांत, बर्फाच्छादनाने समुद्राला ऑक्सिजन मिळेनासा झाल्यावर, हे खडक काही ठिकाणी पुन्हा निर्माण झाले.

गोवा, सिंधुदुर्गातील रेडी व गडचिरोलीतील सुरजागड येथे ते रूपांतरित अवस्थेत, पट्टित हेमॅटाइट क्वार्ट्‌झाइट म्हणून आढळतात. उष्ण व दमट हवामानात झिरपणाऱ्या पाण्याबरोबर सिलिका निघून गेल्याने मागे उरलेले लोह तेथे खाणयोग्य झाले आहे.