क्रॉन

युनिक्स आणि युनिक्ससारख्या प्रणालींवर ठरलेल्या वेळी ठरलेली कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम. नाव काळ या अर्थाच्या 'क्रोनोस' या ग्रीक शब्दावरून आले. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) तो होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन पुढे सर्वत्र पसरला. डेबियन या लिनक्स प्रणालीत त्याचाच वंश चालू आहे, तर रेड हॅट या लिनक्स कंपनीकडे त्यातून फुटलेला 'क्रॉनी' वापरतात.

प्रत्येक वापरकर्त्याची कामे त्याच्या 'क्रॉनटॅब' या फाइलमध्ये असतात. 'क्रॉनटॅब -ई'ने ती संपादनासाठी उघडते, '-एल'ने दिसते आणि '-आर'ने काही न विचारता पुसली जाते. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे '-एल'चा निकाल दुसऱ्या फाइलमध्ये जपून ठेवलेला बरा.

ओळीत आधी पाच रकाने: मिनिट (०–५९), तास (०–२३), महिन्याची तारीख, महिना, वार (० किंवा ७ म्हणजे रविवार), मग कमांड. '३० २ * * १' म्हणजे दर सोमवारी पहाटे अडीच वाजता ('*' म्हणजे 'प्रत्येक'; प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे इंग्रजीच हवेत). 'ईटीसी' या प्रणालीच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या सामाईक क्रॉनटॅबमध्ये वेळ आणि कमांड यांच्यामध्ये वापरकर्त्याचे नावही लागते. ते विसरले की कमांडचा पहिला शब्दच नाव समजला जातो.

रकाने सोपे वाटतात, पण दोन ठिकाणी फसगत होते. तारीख आणि वार दोन्ही भरले तर 'आणि' नव्हे, 'किंवा' लागू होतो: '० ९ १३ * ५' ही ओळ तेरा तारखेच्या शुक्रवारी नव्हे, तर दर तेरा तारखेला आणि दर शुक्रवारी चालते. तसेच मिनिटाच्या जागी '*/७' (म्हणजे सातने भाग जाणारी मिनिटे) लिहिल्याने नेमकी सात-सात मिनिटे मिळत नाहीत. ५६ नंतर तास बदलतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणजे मधले अंतर चारच मिनिटांचे.

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावे लागतात. वरचे सोमवारचे पहाटे अडीचचे काम तिथे रविवारी रात्री नऊचे होते, म्हणजे '० २१ * * ०'. तास बदलून वार तसाच ठेवला की काम एक दिवस उशिरा होते.

'हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही' ही नेहमीची तक्रार. क्रॉन तुमची प्रोफाइल फाइल (लॉगिनच्या वेळची सेटिंग्ज) वाचत नाही. पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जेमतेम दोन-तीन फोल्डर असतात आणि शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) बॅश नसून साधा 'एसएच' असतो. म्हणून कमांडचा पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरांसह पत्ता, द्यावा. शंका असेल तर चालू सेटिंग्ज दाखवणाऱ्या 'एन्व्ह' कमांडचा निकाल क्रॉनमधूनच एका फाइलमध्ये उतरवून पाहावा. कमांडमधले टक्केचिन्ह क्रॉन नवी ओळ समजतो, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी साधी बॅकअप कमांडही अर्ध्यात तुटते (तारखेचे स्वरूप टक्केचिन्हानेच लिहितात). चिन्हाच्या आधी बॅकस्लॅश हवा.

लॉगमध्ये कमांड सुरू केल्याची नोंद असते. ती यशस्वी झाली की नाही, हे त्यातून कळत नाही. कमांडने छापलेला मजकूर मेलने येतो, पण पुष्कळ सर्व्हरवर मेलची सोयच नसते. त्यात सगळे आउटपुट '/डेव्ह/नल'मध्ये (टाकलेले सारे नाहीसे होणाऱ्या जागी) ढकलण्याची सवय असली, तर बंद पडलेला बॅकअप कित्येक आठवडे लक्षात येत नाही. आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलच्या शेवटी जोडत जावे.

मागचे काम संपले का, हे क्रॉन पाहत नाही. दर पाच मिनिटांनी चालणारे काम आठ मिनिटे रेंगाळले की दुसरी प्रत त्याच्यावर चढते. स्क्रिप्ट कुलूप लावणाऱ्या 'फ्लॉक -एन' कमांडमार्फत चालवली तर कुलूप आधीच लागलेले असताना नवी प्रत निमूट मागे फिरते.

डेबियनमध्ये रोजच्या कामांच्या 'क्रॉन.डेली' फोल्डरात ठेवलेल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर ती वगळली जाते. 'बॅकअप.एसएच' तिथे कधीच चालणार नाही, नुसती 'बॅकअप' चालेल.

मशीन बंद असताना चुकलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही. लॅपटॉपसाठी त्यामुळे 'ॲनाक्रॉन' आहे. तो किती दिवसांत काम झालेले नाही हे पाहतो आणि राहिलेले चालवतो. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू केल्यास हेच साधते, शिवाय 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स'ने प्रत्येक काम मागच्या वेळी केव्हा चालले आणि पुढे केव्हा चालेल ते दिसते. त्यासाठी मात्र एका ओळीऐवजी दोन फाइली लिहाव्या लागतात. एकदाच करायच्या कामाला यांपैकी काहीच नको, 'ॲट' ही कमांड पुरेशी आहे.