कुलाब्याचं जुनं दीपगृह: पार्श्वभूमी

कुलाब्याचा जुना दिवा 18व्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो विझला, तो दिवा मंद होता म्हणून नव्हे. तेलाच्या दिव्याचे त्रास सगळीकडे तेच: वात वेळेवर कातरली नाही की काजळी धरते आणि आतून काच काळवंडते, बाहेरून खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो. दोन्ही पुसून निघतं. चुकली होती ती जागा.

कुलाब्याच्या टोकापासून दक्षिणेला प्राँग्ज खडकांची रांग समुद्रात शिरली आहे, भरतीला बुडालेली, ओहोटीला उघडी. एका दिव्यावरून दिशा कळते, अंतर कळत नाही. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या जहाजाला दिवा समोर दिसायचा आणि खडक त्याच्या अलीकडे असायचे.

मनोरा उंच करून भागलं असतं का? उजेडाचा पल्ला सागरी मैलांत काढायचा तर दिव्याच्या आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं मिळवून 2.08 ने गुणायचं. डोळा 4 मीटरवर, दिवा 36 मीटरवर धरला तर पल्ला साधारण 16.6 मैल. दिवा 49 मीटरवर नेला तर 18.7. म्हणजे 13 मीटर बांधकाम चढवून जेमतेम दोन मैल, तेही हवा स्वच्छ असेल तर. खडक होते तिथेच राहतात. म्हणून खर्चिक असला तरी थेट खडकावर मनोरा उभारण्याचा निर्णय योग्यच होता, जरी तिथे ओहोटीचे काही तासच हाती लागतात आणि पावसाळ्यात काम थांबतं. 1875 मध्ये प्राँग्जचा मनोरा उभा राहिला आणि जमिनीवरच्या दिव्याचं काम संपलं.

खरा गुंता नावाचा. ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईचं टोक, तसाच अलिबागच्या समुद्रातला किल्ला, आणि 1981 मध्ये रायगड नाव मिळेपर्यंत अख्खा जिल्हाही. त्यात मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम (पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं), ट्रामला वीज आली की ती बिघडणार म्हणून, 1904 मध्ये अलिबागला, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातच गेलं. शिवाय बरेच जण प्राँग्जलाच सरसकट ‘कुलाब्याचं दीपगृह’ म्हणतात. त्यामुळे जुन्या मनोऱ्याची माहिती नव्याच्या नावावर चढते आणि 1875 हे साल कुलाब्यातल्या पहिल्या दिव्याचं म्हणून छापलं जातं.

1927 च्या दीपगृह कायद्याच्या जागी 2021 मध्ये नवा कायदा आला, त्यात वारसा दीपगृह घोषित करण्याची तरतूद आहे. अशा वेळी ही सरमिसळ महागात पडते. नोंद तपासताना नावाआधी अक्षांश पाहावा: 18°54′ च्या आसपास असेल तर मुंबई, 18°38′ असेल तर अलिबाग. मुंबई ठरली, तरी नोंद 1875 च्या आधीची की नंतरची ते पाहावं. आधीची असेल तर ती प्राँग्जची असूच शकत नाही.