पहिला आठवडा ट्यूबमधला

नवरा बोटीवर नोकरीला. सुट्टीवर घरी आला, महिन्याभरात बायकोची पाळी चुकली, युरीन टेस्ट पॉझिटिव्ह आली. घरात आनंदीआनंद. मग सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘6 आठवडे’ असं छापून येतं आणि कुणीतरी बोटं मोजू लागतं: तो तर चारच आठवड्यांपूर्वी उतरला! मुंबईत बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांची घरं थोडी नाहीत, त्यामुळे हा हिशेब एखाद्या सुनेच्या अंगाशी येऊ शकतो. वास्तविक रिपोर्ट बरोबर असतो आणि सूनही.

डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, कारण तेवढी एकच तारीख बाईला खात्रीने सांगता येते. स्त्रीबीज अंडाशयातून सुटतं ते त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे त्या सहा आठवड्यांतले पहिले दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नव्हता. प्रसूतीची तारीख काढताना धरतात त्या 280 दिवसांतही हे चौदा दिवस मिळवलेले असतात. ज्यांची पाळी 35 दिवसांनी येते त्यांचं बीज आणखी आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणून पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तारीख पक्की करतात.

उरलेल्या चार आठवड्यांतलाही जवळजवळ पहिला आठवडा गर्भ पिशवीला चिकटलेला नसतो. त्यातले तीन-चार दिवस तो ट्यूबमध्ये असतो. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या चित्रात पिशवी मधोमध ठसठशीत रंगवलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका, म्हणजे ट्यूब, नुसत्या जोडनळ्यांसारख्या. माझ्या मते त्या चित्राने या अवयवावर मोठा अन्याय केला आहे.

ट्यूब दहा-बारा सेंटिमीटर लांब असते. अंडाशयाच्या बाजूचं तिचं तोंड रुंद आणि झालरीचं. ते अंडाशयाला सलग जोडलेलं नसतं. बीज सुटण्याच्या वेळी ही झालर अंडाशयावरून फिरते आणि बीज आत ओढून घेते. एका बाजूची ट्यूब आणि दुसऱ्या बाजूचं अंडाशय काढून टाकलेल्या स्त्रियांनाही दिवस गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे एका बाजूची ट्यूब पलीकडचं बीजही टिपू शकते. बीजाचा आकार जेमतेम 0.1 मिलिमीटर, तरी मानवी शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींत त्याची गणना होते. ते टिकतं फार तर 24 तास.

शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. निघताना ते कोट्यवधी असतात. ट्यूबपर्यंत पोचतात काही शेकडेच. पोचल्या पोचल्या ते बीजात शिरू शकत नाहीत. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावर त्यांच्या आवरणात बदल होतात, तेव्हा कुठे त्यांना ती क्षमता येते. ही गोष्ट चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिली. एकाच ट्यूबमधून शुक्राणू एका दिशेने जातात आणि बीज त्यांच्या उलट दिशेने येतं, हेही आतल्या सूक्ष्म केसांना आणि स्नायूंना जमवावं लागतं.

ट्यूबच्या रुंद भागात दोघांची गाठ पडते. फलित बीजाच्या सुमारे तीस तासांनी दोन पेशी होतात, तिसऱ्या दिवशी आठेक. पेशी वाढल्या तरी गोळा मोठा होत नाही, कारण भोवती कवच असतं. ते कवच दोन कामं करतं: गोळा अरुंद नळीतून जाईल इतकाच ठेवतं आणि त्याला वाटेत कुठे चिकटू देत नाही. दरम्यान प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे पिशवीचं अस्तर तयार होत असतं. गर्भ लवकर पोचला तर त्याला बसायला जागाच तयार नसेल. चौथ्या दिवसाच्या सुमारास तो पिशवीत उतरतो, एक-दोन दिवस तिथे सुटा राहतो, कवचातून बाहेर पडतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी अस्तरात रुजायला लागतो.

ट्यूब आतून खराब असेल तर गर्भ वाटेतच अडकतो आणि कवच तिथेच फुटून तिथेच रुजतो. आपल्याकडे यामागे जननमार्गाचा टीबी हे एक महत्त्वाचं कारण आहे. खोकला नसतानाही तो असू शकतो. युरीन टेस्ट अशा वेळीही पॉझिटिव्हच येते, कारण ती गर्भाच्या आवरणातून येणारं संप्रेरक ओळखते, जागा नव्हे. म्हणून पहिल्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे ना, हे आधी बघतात. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आणि चक्कर, असं झालं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं. ट्यूब फुटली की पोटात रक्तस्राव होतो.

बंद ट्यूब टाळून पुढे कसं जायचं, या प्रश्नातूनच टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र आलं. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या ट्यूब बंद होत्या. मुंबईत 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून अशी मुलगी जन्मली आणि भारतातली पहिली म्हणून तिची नोंद झाली. पुढे आनंद कुमार यांनीच कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची कागदपत्रं तपासली आणि भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा 1978 मधला मान त्यांचा असल्याचं जाहीर केलं. स्वतःचा ‘पहिला’ असा दुसऱ्याला देणारे शास्त्रज्ञ मला तरी फारसे आठवत नाहीत. तंत्राचं सार एवढंच, की ट्यूबमधले ते दिवस गर्भ प्रयोगशाळेत 37 अंशांच्या उबेत काढतो आणि मग त्याला थेट पिशवीत सोडतात.

रुजल्यानंतर घाई सुरू होते. बीज फलित झाल्यापासून मोजलं तर तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर पडतात, बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय हलू लागतं आणि अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मेंदू-मज्जारज्जूची नळी दोन्ही टोकांनी मिटते. ती मिटली नाही तर पाठीच्या कण्याचं किंवा कवटीचं गंभीर व्यंग राहतं. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे रिपोर्टातला सहावा आठवडा. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची रोजची गोळी मूल हवं असं ठरल्यावर, निदान महिनाभर आधी सुरू करायची असते.

ट्यूब तयार होते ती त्यानंतरच्या काही आठवड्यांत, आणि इथे मजा आहे. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक गर्भात आरंभी नळ्यांच्या दोन जोड्या असतात. मुलात वृषणातून येणाऱ्या एका संप्रेरकामुळे त्यातली एक जोडी विरघळते. वृषणाच्या टोकाला तिचा बारीकसा अवशेष पुरुष जन्मभर बाळगतात. मुलीत तीच जोडी टिकते. तिचे वरचे भाग ट्यूब होतात, खालचे भाग मधोमध जुळून पिशवी. म्हणजे पिशवी हीच मुळात दोन नळ्यांची मिळून झालेली आहे. जुळणी अपुरी राहिली तर पिशवीला वरून खाच पडते. जुळल्यावर मधली भिंत विरली नाही, तर आत पडदा उरतो. त्या पडद्यामुळे वारंवार गर्भपात होत असतील तर तो दुर्बिणीतून कापता येतो. खाचेच्या पिशवीला मात्र सहसा हात लावत नाहीत.