काळ्या पाषाणातली तांबडी रेघ

कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर फोडून रेल्वेने काढलेला बोगदा १९१६ साली सुरू झाला. लांबी सुमारे १.३ किलोमीटर. पूर्वी फास्ट लोकल यातूनच जायच्या आणि आत शिरताच डब्यातली पोरं हमखास ओरडायची. तो डोंगर, येऊरचा डोंगर, मुंब्रादेवीचा कडा, खारघरच्या टेकड्या, विमानतळासाठी कापून सपाट केलेली उलव्याची टेकडी, सगळा थिजलेला लाव्हा आहे. आपल्या इमारतींच्या काँक्रीटमधली खडीही बहुतेक त्याचीच.

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर येतो. इथे प्रकार वेगळा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून बेसॉल्टचा, म्हणजे थिजल्यावर हा काळा दगड होणारा, लाव्हा नुसता वाहत राहिला. मधे हजारो वर्षं शांतता, मग पुन्हा लोट. आज या दख्खनच्या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे, मूळचा विस्तार याहून बराच मोठा होता. काही लोट तर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे १००० किलोमीटरच्या आसपास गेले. इतकं अंतर जाईस्तोवर लाव्हा थिजला कसा नाही? तापलेल्या दुधावर साय धरते तशी लाव्हाच्या वरच्या बाजूला कडक पापुद्र्याचं झाकण बसतं, आणि त्याच्याखाली उष्णता कोंडून राहिल्याने आतला लाव्हा पुढे सरकत राहतो.

जमिनीखालची जी भट्टी यामागे होती, ती अजून विझलेली नाही. भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस अशी खूण उमटत गेली. सध्या ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेज ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो.

आता डायनोसॉर कशाने संपले, या जुन्या भांडणाकडे येऊ. ते संपले तेही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच. १९८० साली अल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळच्या मातीच्या थरात इरिडियमचं प्रमाण अफाट असल्याचं दाखवलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत मात्र भरपूर. पुढे मेक्सिकोत अशनी आदळून झालेलं चिक्सुलुबचं प्रचंड विवर सापडलं आणि आरोपी ठरल्यासारखा झाला. पण त्याच सुमारास सह्याद्री वाहत होता! मग खरा गुन्हेगार कोण?

उत्तर तारखांवर अवलंबून, आणि तारीख काढणंच अवघड. माळशेज किंवा कसारा घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे नीट पाहा. काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीची पातळ रेघ दिसते. दोन लोटांमधल्या शांततेत जुन्या लाव्हाची झीज होऊन ही माती झाली, आणि नवा लाव्हा आला तेव्हा ती त्याखाली भाजून निघाली. माझ्या मते सह्याद्रीतला सगळ्यात बोलका थर हाच. कारण त्या शांततेत इतर ज्वालामुखींची राख येऊन इथे पडायची आणि तिच्यात झिर्कॉन या खनिजाचे सूक्ष्म कण असायचे. बेसॉल्टमध्ये झिर्कॉन जवळजवळ मिळत नाही. या कणांतल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं, म्हणून दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय निघतं.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने हेच केलं. बर्कली विद्यापीठाच्या गटाने लाव्हातल्याच खनिजांतला आर्गॉन वायू मोजून वय काढलं. दोघांचे निबंध २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. बहुतेक लाव्हा जेमतेम १० लाख वर्षांत बाहेर पडला, यावर एकमत. पुढे मात्र फाटे फुटले. प्रिन्स्टनच्या मते उद्रेकाचा एक मोठा झटका अशनी आदळण्याच्या हजारो वर्षं आधीच सुरू झाला होता. बर्कलीच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा अशनीनंतरचा.

मला यातली खरी गंमत पुढच्या वर्षीच्या निबंधात वाटते, कारण तो लाव्हाकडे न पाहता समुद्राकडे पाहतो. समुद्रतळाच्या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं साठत जातात. कवच बनताना पाणी किती उबदार होतं, ते त्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून कळतं. २०२० साली पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी या नोंदी तपासल्या. अशनीच्या दोन-तीन लाख वर्षं आधी जग सुमारे २ अंशांनी तापलं होतं, पण अशनी येईपर्यंत ते पुन्हा थंडावलं होतं. जीव संपले ते अशनीच्या वेळी. मग लाव्हाचा मोठा भाग नंतर आला असला, तर तापवणारा वायू आधी कुठून आला? उत्तर असं असू शकतं की लाव्हा आणि वायू एकत्र निघतीलच असं नाही. खोलवर साठलेल्या शिलारसातला कार्बन डायऑक्साइड भेगांतून आधीच निसटू शकतो.

गंधकाचं गणित आणखी वेगळं. गंधकाचे वायू वर जाऊन ऊन अडवतात आणि थंडी आणतात. १७८३ साली आइसलँडमधल्या लाकीच्या भेगांतून आठ महिने लाव्हा आला, सुमारे १५ घन किलोमीटर; त्यानंतरच्या दुष्काळात त्या देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनचे काही उद्रेक हजार घन किलोमीटरहून मोठे होते. २०२३ साली ठाकूरवाडी ते खंडाळा या थरांतल्या दगडांत गंधक मोजलं गेलं, आणि अशनीच्या आधीच वारंवार थंडीचे झटके येऊन गेले असावेत असा निष्कर्ष निघाला. (थरांची नावं गावांवरून पडली आहेत: नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. कर्जत-लोणावळ्याच्या प्रवाशाला भूशास्त्र परकं वाटायचं कारण नाही.) असे झटके काही वर्षांचेच, त्यामुळे सावकाश साठणाऱ्या समुद्री गाळात ते सहसा उमटत नाहीत.

घाटमाथ्यावर हे थर जवळपास आडवे आहेत, पण पनवेलकडे उतरलात की ते समुद्राच्या बाजूला कलतात, काही ठिकाणी ४० अंशांच्या आसपास. ही पनवेलची घडी. लाव्हाचा मुख्य काळ सरल्यावर सेशेल्सचा तुकडा भारतापासून फाटून निघाला, मधे अरबी समुद्र पसरत गेला आणि किनाऱ्याची कड खाली वाकली. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं याच मोडक्या पट्ट्यातली. त्यांच्याखाली ज्वालामुखी धुमसतोय हा समज मात्र चुकीचा आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं.

ज्या दगडाने हवेत कार्बन सोडला तोच आता तो परत घेतोय. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं, ते बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतं, आणि तो कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात उल्हास नदीतून खाडीत व पुढे समुद्रात जातो. भारत विषुववृत्ताच्या ओल्या पट्ट्यातून उत्तरेला सरकला तेव्हा या झिजेने पृथ्वीच्या थंड होण्याला हातभार लावला, असं एक गृहीतक २००८ साली मांडलं गेलं.

हीच झीज मुद्दाम वाढवता येईल का? बेसॉल्टची भुकटी शेतात पसरायची, पृष्ठभाग वाढला की झीज वाढते. भारतातल्या शेतांवर हे काम करणाऱ्या 'माती कार्बन'ला २०२५ च्या एप्रिलमध्ये एक्सप्राइझ या स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं. आपल्याकडे क्रशरची धूळ ही फक्त खोकल्याची तक्रार असते, म्हणून ही कल्पना मला आवडते. पण दगड दळायला आणि वाहून न्यायला डिझेल व वीज लागते, ती वजा करूनच हिशेब मांडावा लागेल. शिवाय शेतात विरघळलेला कार्बन खरोखर समुद्रापर्यंत पोचला की वाटेत पुन्हा हवेत गेला, हे खाचराच्या निचऱ्याचं पाणी पावसाळाभर तपासल्याशिवाय सांगता येत नाही.